दुसरं माप

करंजसावळीत सितारामला शोधायचं असलं तर कोणाला विचारायची गरज पडत नसे. वास येईल तिकडं चालत सुटायचं, पुढं सिताराम सापडायचा. दवाखान्याच्या मोरीला येतो तसला वास; ब्लिचिंग पावडरीचा. ग्रामपंचायतीचा शिपाई म्हणून त्याच्याकडं दिवाबत्ती होती, दवंडी होती, सरपंचांचा चहा आणणं होतं, पण जीव सगळा पावडरीत. त्याचा पटका एके काळी लाल होता म्हणे. आता कुठं गुलाबी, कुठं पांढरा, असा झाला होता. सदऱ्याला भोकं, धोतराला भोकं, मिशीवर कायम पांढरी भुकटी. त्याची बायको पंचफुला चार बायांत त्याच्या तोंडावर म्हणायची, "लगीन झालं तवा माणूस रंगीत होतं. सरकारनं धुऊन धुऊन पांढरं केलं." सिताराम हसून मिशी झटकायचा आणि शेजारी बांधलेली शेळी शिंकायची.

गाव गंगाखेड तालुक्यातलं, राणीसावरगावच्या अंगाला. विद्यापीठाच्या नावावरून जिल्हा पेटला त्या अठ्ठ्याहत्तर साली इथल्या बौद्धवाड्यातल्या दोन कडब्याच्या गंजी जळाल्या होत्या. माणूस मेलं नाही, एवढंच नशीब. कोणी पेटवल्या हे सगळ्यांना माहीत होतं आणि विचारलं तर कोणालाच माहीत नव्हतं. गाव असंच असतं, काय करता! पुढं बोलणंचालणं सुरू झालं, पण जो तो जपून शब्द टाकायला लागला. वाड्यातल्या सितारामचीच गोष्ट घ्या. गल्लीत जयभीम म्हणावं तर समोरच्याच्या कपाळाला आठी, रामराम म्हणावं तर घरी पंचफुलाच्या. म्हणून तो सगळ्यांना "नमस्कार" म्हणायचा, शाळेतल्या गुरुजींसारखा, दोन्ही हात जोडून. लोकांना वाटायचं नोकरीमुळं वळण लागलं.

ही नोकरी त्याला लागली एक्याऐंशीत. त्या वर्षी आसपासच्या गावांत पटकी शिरली, हगवण-उलट्यांनी माणसं पटापट गेली, आणि वरून हुकूम आला की पिण्याच्या पाण्यात पावडर टाकायला माणूस नेमा. पावडरीनं डोळे चुरचुरतात, हात सोलतात, हे एव्हाना सगळीकडं कळलं होतं. त्यामुळं गावातल्या एकालाही पुढं यायची हौस वाटेना. शिपायाची जागा रिकामी होती. सरपंच दिनकररावांनी सितारामला बोलावलं आणि तो हो म्हणाला.

आता अडचण अशी, की गावाचा आड पाटील गल्लीत. कायद्यानं आड सगळ्यांचा. पण कायदा परभणीला राहायचा आणि आड पाटील गल्लीत, दिनकररावांच्या दारासमोर. बौद्धवाड्याला वेगळा हातपंप होता, मचूळ पाण्याचा. वाड्यातलं कोणी आडावर घागर घेऊन जात नव्हतं. जाऊ नका असंही कोणी म्हणत नव्हतं. म्हणायची वेळच येऊ द्यायची नाही, असा सगळा मामला.

पहिल्या दिवशी सिताराम बादली, डबा आणि दोर घेऊन आडापाशी उभा राहिला, तर समोरच्या ओट्यावरून आवाज आला, "थांब!"

कस्तुराबाई. दिनकररावांची आई. दिनकरराव गावाचे सरपंच, पण दिनकररावांच्या सरपंच ह्या. सत्तरीची बाई, पाठीचा कणा उसासारखा सरळ, आणि नाक असं तिखट, की चार घरं पलीकडं दूध लागलं तरी इथून नाव घेऊन सांगायची.

"पाण्यात हात घालणार तू?"

"हात न्हाई पाटलीणबाई, पावडर घालणार."

"पावडर तुज्याच हातची ना?"

दिनकरराव रुमालानं मान पुसायला लागले. रहाटापाशी पाच-सहा बाया घागरी घेऊन उभ्या. सिताराम मनातून घाबरला होता, पण त्याची जीभ त्याच्यापेक्षा धीट. तो म्हणाला, "पाटलीणबाई, ही पावडर कशी हाय म्हाईत हाय का? पटकीचा किडा डोळ्याला दिसत न्हाई, तो हिच्यानं मरतो. न दिसणारा किडा मरतो, तर न दिसणारा इटाळ काय टिकतोय?"

बाया पदराआड हसल्या. कस्तुराबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचार केला आणि निकाल दिला, "मी हितं ओट्यावर बसते. हितवर वास आला तर इटाळ गेला म्हणायचं. मग बाया पाण्याला जातील. न्हाई आला तर न्हाई."

सितारामनं एक माप पावडर बादलीत कालवली, चुना खाली बसू दिला, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन आडात सोडलं, दोर वरखाली करून ढवळलं. सगळं अगदी शिकवल्यासारखं. ओट्यावर बघितलं. कस्तुराबाई मान हलवत होत्या: नाही. मग त्यानं दुसरं माप टाकलं. जरा वेळानं त्यांनी पदर नाकाला लावला आणि हात हलवला: भरा. तेव्हापासून करंजसावळीच्या आडात दोन मापं पडायला लागली. घरी येऊन सिताराम मोठ्या फुशारकीनं सांगायला लागला, "पहिलं माप रोगाचं, दुसरं पाटलीणबाईच्या नाकाचं!"

पंचफुला भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "म्हंजे तुमी सोताचाच इटाळ धुवायलाव," ती म्हणाली, "अन् त्योबी सरकारी पावडरीनं."

सितारामचं हसू तोंडातच राहिलं. "दोन टायमाची भाकर भेटायली न्हवं?" म्हणून त्यानं विषय मिटवला.

आणि खरं सांगायचं तर पुढची वर्षं त्याची मोठी मजेत गेली. आजूबाजूच्या गावांत दर पावसाळ्यात कोणी ना कोणी पटकीनं आजारी पडायचं, पण करंजसावळीत कोणाच्या पोटात साधा मुरडाही नाही. लोकांनी त्याचं सगळं श्रेय वासाला दिलं. पावडर दिसत नाही, किडा दिसत नाही. वास तेवढा कळतो. सकाळच्या चहाला वास नसला तर माणसं पेला हातात धरून ओरडायची, "सिताराम आज झोपला काय रं?" लग्नाला आलेली वऱ्हाडी मंडळी पहिला घोट घेऊन एकमेकांकडं बघायची. "पंगत गावात हाय का दवाखान्यात?" असं एका व्याह्यानं विचारलं, तर करंजसावळीकर उलट त्याच्यावरच चढले. "आमच्या पाण्याला वास हाय! तुमच्या पाण्याला हाय का?" बिचारा व्याही काय बोलणार? त्यांच्या पाण्याला नव्हता. सिताराम पंगतीच्या कडेला उभा राहून हे ऐकायचा आणि नवरदेवाच्या बापासारखा ताठ व्हायचा.

आडावर एक पिंपळ होता आणि एक लिंब. दोघांचा पाला बारा महिने आत पडायचा. त्यात आणखी गावाची रीत अशी, की आखाडात मरीआईच्या नावानं घरटी एक लिंबाचा डहाळा आडात सोडायचा; म्हणजे रोगराई येत नाही. पहिला डहाळा कस्तुराबाईंचा. डहाळे तळाला जाऊन कुजायचे, पाणी फिक्या चहासारखं दिसायचं. लोक म्हणायचे, औषधी हाय. पाणी जितकं काळपट, तितका पावडरीचा जोर कमी पडायचा, वास ओट्यापर्यंत पोचायचा नाही, आणि सितारामचं दुसरं माप शिगोशीग भरायला लागायचं. सात वर्षं असं चाललं.

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात जिल्ह्याच्या आरोग्य खात्यातले दत्तराव पाणी तपासायला आले; पावडर कालवायला सितारामला शिकवलं ते यांनीच. धिप्पाड देहाचा, मोठ्या आवाजाचा माणूस. खाली बिचारी मोपेड कण्हत होती. त्यांनी पेटी उघडली, काचेच्या नळीत आडाचं पाणी घेतलं, त्यात औषधाचे थेंब टाकले. पाण्यात पावडर बेताची असली की रंग फिकट पिवळा येतो, हळदीचं बोट बुडवल्यासारखा. इथं नळी भगवी झाली.

"बघा साहेब!" सिताराम खुशीत म्हणाला. "रंग कसा भरलाय!"

"अरे बाबा, हे पाणी आहे का जिलबीचा पाक?" दत्तरावांनी नळी उन्हात धरली, मग त्याच्याकडं बघितलं. "किती मापं टाकतोस?"

"दोन."

"मी एक सांगितलं होतं."

"दुसरं येगळ्या कामाचं हाय, साहेब."

"वेगळ्या कोणत्या?"

सितारामनं ओट्याकडं तिरका डोळा केला आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. दत्तराव आधी खदाखदा हसले. मग त्यांचं हसू थांबलं. त्यांनी पोहरा अगदी तळापर्यंत सोडायला लावला, ओढून घेतला आणि कट्ट्यावर उपडा केला. काळाकुट्ट, बुळबुळीत, सडका पाला. गावातल्या मांजरीनं तोंड वळवलं असतं असा.

"खाली बस," दत्तराव म्हणाले. दोघं पिंपळाच्या पारावर बसले. "हे बघ, किडा मारणं हे पावडरीचं काम, ते ती करते. पण पाण्यात असा पाला कुजलेला असला की ती त्याच्याशीही सोयरीक करते. आणि त्या सोयरिकीतून जी पोरं होतात ती काही चांगल्या वळणाची नाहीत."

"म्हंजे कशी, साहेब?"

"म्हणजे पाण्यात एक नवीनच विषार तयार होतो. थोडाथोडा. त्याला ना रंग, ना चव. आज पिऊन उद्या कोणी पडत नाही. पण वीस-तीस वर्षं रोज पोटात गेला तर मूत्राच्या पिशवीचा कॅन्सर, लिव्हर, किडनी, असं काहीबाही होऊ शकतं, असा मोठ्या शास्त्रज्ञांना संशय आहे. त्यांनाही हे आत्ता आत्ताच कळायला लागलंय. पोटातल्या लेकराचं काय होतं, ते तर अजून कोणालाच नीट माहीत नाही. पाला जास्त, पावडर जास्त, तेवढा तो विषार जास्त."

सितारामच्या हातातलं पावडर मोजायचं टोपण खाली पडलं. "मग आजपासून पावडर बंद करतो."

"खबरदार!" दत्तराव एवढ्यानं ओरडले की पिंपळावरचे कावळे उडाले. "पावडर बंद केलीस तर वीस वर्षं कशाला, पंधरा दिवसांत गाव अंथरुणाला लागेल. त्या विषाराचा धोका लहान आणि लांबचा. पटकीचा धोका दारात. पावडर टाकायचीच. फक्त आड उपस, गाळ काढ, पाला टाकणं थांबव. स्वच्छ पाण्याला एक माप भरपूर झालं."

सितारामनं टोपण उचलून पुसलं. मग विचारलं, "एका मापाचा वास कुठवर येईल, साहेब?"

"घागरीला नाक लावलं तर येईल."

"अन् त्या ओट्यापर्यंत?"

दत्तरावांनी ओट्याकडं बघितलं. "नाही," ते म्हणाले, आणि मोपेडला लाथ मारायच्या आधी त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

घरी आल्यावर सिताराम जेवेना. पंचफुलानं आधी चेष्टा केली, मग खोदून विचारलं, मग सगळं ऐकून भडकली. "आपल्या घरी येतंय का ते पाणी? आपुन हापशाचं मचूळ पितो, आपल्याला ना वास, ना इषार. ज्यांनी वास मागितला त्यांनी प्यावं की! तुमच्या जिवाला कामून घोर?"

"गीताबाईला सातवा चाललाय," सिताराम म्हणाला. गीताबाई ही दिनकररावांची सून, गेल्या वर्षीच लग्न होऊन आलेली. "परवा इचारायली होती, सितारामकाका, आज पावडर टाकली न्हवं? डॉक्टरनी पाणी लय प्यायला सांगितलंय. म्या काय म्हनलं म्हाईत हाय? बिनघोर पी माय, तुज्यासाठी डब्बल टाकलीय." एवढं बोलून त्या पांढऱ्या मिशीच्या माणसाला रडू फुटलं, आणि ते त्यानं लपवलंही नाही.

पंचफुला त्याच्याजवळ सरकून बसली. काय काय तोंडाला येत होतं ते तिनं गिळलं. "मग सांगा त्यांना," ती म्हणाली. "पर एक ध्येनात ठिवा. गाळ काढायचा तर आत उतरावं लागतंय. वरून पावडर टाकली तवा दुसरं माप लागलं. आत पाय ठिवल्यावर वासबी न्हाई अन् इटाळबी तुमचाच. उद्या कोणी पाणी भरलं न्हाई तर नोकरी जाईल, अन् पुन्हा त्या आडावर तुमाला कोण उभं करणार न्हाई."

हे खरं होतं, आणि सितारामला ते तिच्याआधी कळलं होतं. विहिरी उपसणारे वडार कालव्याच्या कामावर गेले होते, ते पावसाळ्याच्या तोंडाला परतणार. पाटील गल्लीत कोणाला आडात उतरता येत नव्हतं. सितारामला येत होतं. बहात्तरच्या दुष्काळात त्यानं रोजगार हमीवर विहिरी खोदल्या होत्या. या गावातल्या कितीतरी विहिरी याच वाड्यातल्या माणसांनी खोदलेल्या. पाणी लागेपर्यंत आत उभं राहायचं, पाणी लागलं की वर यायचं, आणि मग त्याला पुन्हा हात लावायचा नाही. चीड येते की नाही, सांगा! सितारामलाही यायची. पण तो ती पावडरीसारखी बादलीत कालवून, तळाला बसू देऊन, वरचं निवळ तेवढं लोकांपुढं आणायचा.

सकाळी तो दिनकररावांकडं गेला. दिनकररावांनी सगळं ऐकलं, दोनदा पाणी प्यायला तांब्या उचलला आणि दोनदा खाली ठेवला. "तुझं म्हणणं पटतंय सिताराम," ते म्हणाले, "पण पावडर टाकणं येगळं अन् आत उतरणं येगळं. तू आईला इचार."

सरपंचपदाचा हा असा उपयोग! सिताराम ओट्यापाशी गेला. कस्तुराबाई सुपात डाळ निवडत होत्या. त्यानं हात जोडले आणि पाल्यापासून विषारापर्यंत सगळं सांगितलं, काही राखून न ठेवता. सुपातले हात थांबले.

"किती वरीस झाले असं?"

"सात."

"अन् मला आत्ता सांगायलास?"

"मलाबी कालच कळलंय. पर दुसरं माप मी तुमच्या वासापायी टाकीत होतो, पाटलीणबाई. खोटं कामून बोलू?"

"माज्या नाकावर ढकलायलास व्हय रे?"

"नाक तुमचं, हात माझा," सिताराम म्हणाला. "दोघांची मिळून चूक झाली."

इतक्या वर्षांत त्यांना असं कोणी बोललं नव्हतं. दिनकरराव आत दाराच्या फळीला टेकून उभे, श्वाससुद्धा जपून. तेवढ्यात माजघराच्या उंबऱ्यात गीताबाई दिसली. तिच्या हातात पाण्याचा पेला होता, आणि ती तो ओठापर्यंतही नेत नव्हती आणि खालीही ठेवत नव्हती. कस्तुराबाईंनी तिच्याकडं बघितलं. तिच्या पोटाकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताठा एकदम उतरला आणि तिथं नुसती एक म्हातारी बाई उरली, घाबरलेली.

"वडार कवा येतील?"

"मिरगाच्या सुमाराला."

"तवर तर हिचं..." त्या बोलायच्या थांबल्या. मग सूप बाजूला सारून आत ओरडल्या, "दिनकर! फळी धरून काय उभा हायस? शेतातलं इंजिन आण अन् आडाला लाव." सितारामला त्या काहीच म्हणाल्या नाहीत. उतर म्हणाल्या नाहीत, उतरू नको म्हणाल्या नाहीत.

आड उपसायला इंजिन लावलं तेव्हा निम्मं गाव गोळा झालं. पाणी तळाला गेलं, सितारामनं आधी कंदील दोरानं खाली सोडून बघितला. जळत राहिला, म्हणजे हवा बरी. मग कमरेला दोर बांधून तो उतरला. घमेली भरभरून गाळ वर यायला लागला, दोराला खुद्द दिनकरराव आणि चार गडी. सात वर्षांचाच नव्हे, बापजाद्यांचा पाला होता तो. त्यात फुटक्या घागरी, एक पितळी डाव, कोणाची तरी एकच चप्पल, आणि दोन पोहरे, ज्यांच्या चोरीवरून पाटील गल्लीतल्या दोन घरांनी दहा वर्षं अबोला धरला होता. पोहरे वर आले तशा दोन्ही घरच्या बाया एकमेकींकडं बघून अशा हसल्या की गल्ली दणाणली. खालून सिताराम ओरडला, "आणखी कोणाचं काय हरवलंय ते आत्ताच सांगा, पुना म्या यायचा न्हाई!"

दुपारपर्यंत खडक लागला. खडकाच्या फटीतून झरा फुटला, गार, काचेसारखा, सितारामच्या घोट्यांभोवती. त्याचा घसा कोरडा पडला होता. तो वर तोंड करून ओरडला, "पंचफुले, पाणी दे गं!" पंचफुलानं हातपंपाच्या पाण्याची बाटली दोरानं खाली सोडली. झऱ्यात उभं राहून त्यानं ते मचूळ पाणी घटाघटा पिलं. खाली वाकून ओंजळ भरावी, हे त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. वरून ते पंचफुलानं बघितलं.

आड दोन दिवसांत भरला. तळाचे खडे दिसत होते. सकाळी सितारामनं एक माप पावडर कालवली, एकच, निवळू दिली, आत सोडली, ढवळली आणि नेमाप्रमाणं बाजूला होऊन थांबला. बाया घागरी घेऊन आल्या. कोणी रहाटाला हात लावेना. कोणी आडात डोकावून "लय चांगलं दिसायलंय" म्हणे आणि मागं सरे. सगळ्यांचे डोळे ओट्यावर. कस्तुराबाई ओट्यावर बसल्या होत्या. वारा त्यांच्याकडंच होता. त्यांनी एकदा नाक वर केलं, पुन्हा केलं. वास नव्हता.

सितारामच्या पायाशी पावडरीचा डबा होता. अजून एक माप टाकलं की सगळं पूर्वीसारखं. बोटं डब्यापाशी गेलीसुद्धा. त्याला उंबऱ्यातला तो पेला आठवला आणि त्यानं हात मागं घेतला.

तेवढ्यात गर्दीतून घागर घेऊन पंचफुला पुढं आली. कोणाला काही विचारलं नाही. कट्ट्यावर चढली, पदर खोचला, पोहरा आडात सोडला आणि रहाट ओढायला लागली. रहाट कुरकुरत होता. सिताराम दचकून म्हणाला, "आगं, काय करायलीस?"

"तुमी आत उतरून चोळून धुतलाय. धुतलेलं भांडं बघायला नगं का?" तिनं पोहरा वर घेतला, ओंजळ भरून प्याली, तोंड पुसलं. "हुं," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "पाण्यावानी पाणी हाय! मला वाटलं पाटील गल्लीचं म्हंजे काय तरी अमृत-बिम्रित असंल."

कोणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं कोणीतरी. ओट्यावरून काठी वाजली आणि हसू बंद झालं. कस्तुराबाई उठल्या होत्या. त्या पायऱ्या उतरल्या, एकेक करत, हातात तांब्या. बाया बाजूला झाल्या. सिताराम मागं सरला, सवयीनं, पावलं मोजल्यासारखा. त्या थेट कट्ट्यापाशी येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी तांब्या पंचफुलापुढं केला.

"मला दे," त्या म्हणाल्या. "माज्या नातसुनंला न्यायचंय."

पंचफुलानं भरलेला पोहरा उचलला. तांब्याकडं बघितलं. मग मागं वळून नवऱ्याकडं बघितलं, पांढऱ्या मिशीच्या, भोकं पडलेल्या सदऱ्याच्या, अजून अंगाला गाळाचा वास येणाऱ्या.

"देते," ती म्हणाली. "जरा थांबा पाटलीणबाई, आदी ह्यांना पिऊ द्या. सात वरीस झाले, ह्यांनी या आडाचा एक घोट घेतला न्हाई."

सिताराम मान हलवायला लागला, नगं, नगं, म्हणून. पंचफुलानं पोहरा त्याच्या पुढं कलता केला. त्याला ओंजळ धरावीच लागली. पाणी गार होतं आणि त्याला वास नव्हता. पहिल्याच घोटाला त्याला ठसका लागला, तो हसला, आणि पुन्हा त्यानं ओंजळ पुढं केली. मग तो प्यायला लागला, पोटभर, कोणाकडं न बघता, दुपारी नांगर सोडून आलेल्या गड्यासारखा.

पंचफुला ओतत राहिली. आणि कस्तुराबाई तांब्या धरून, त्याचं पिऊन होईपर्यंत, थांबल्या.